पाय तिकडे उगवतील

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर बसून एक माणूस आयुष्यभर लोकांना देशाबाहेर पाठवत होता. सरकारी माणूस नव्हे. सरकारला इतकं नीटनेटकं काम कुठलं जमायला. हा सुतार होता. कायमचे परदेशी निघालेल्या लोकांच्या सामानासाठी लाकडी पेट्या करायचा. बोटीनं जाणाऱ्या, आत माणूस झोपेल एवढ्या पेट्या. काम करताना खिळे ओठांत धरायचा, म्हणून गल्लीनं त्याचं नाव खिळेमामा ठेवलं होतं. वयानं माझ्याहून लहान, त्यामुळे मागे मी त्याला 'तो' म्हणते. समोर 'अहो पेटीवाले' म्हणायचे. तो मला वहिनी म्हणायचा, पण त्या 'वहिनी'त माया कमी आणि मोजमाप जास्त असे.

त्याला हसताना मी पाहिलेलं नाही. हसला असता तर खिळे पडले असते. बोलायचा मात्र भरपूर, ओठांच्या एका कोपऱ्यातून, आणि जे बोलायचा ते खिळ्यांसारखंच असायचं. जाणाऱ्या माणसांबद्दल त्याला जेवढा तिटकारा होता तेवढा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. एक मला सोडलं तर.

आणि का नसावा तिटकारा? आमच्या गल्लीतून गेलेली माणसं काय लायकीची होती ते मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं ह्यांची एकच टकळी: इथे पाणी नाही, इथे शिस्त नाही, इथे माणसाची किंमत नाही. मग एक दिवस परवानगीचा कागद यायचा आणि त्याच दिवसापासून ह्यांना देश आवडायला लागायचा. जिन्यातल्या फुटक्या फरशीवर हात फिरवून डोळे पुसायचे. आयुष्यभर ज्या शेजाऱ्याशी भांडले त्याच्या गळ्यात पडायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर न्हाणीघरातला नळ काढून बरोबर नेला, वडिलांच्या हातचा म्हणून. तो नळ कधी धड बंद होत नव्हता. त्यावरून त्यांच्या बायकोनं किती त्रागा केला ते सगळ्या इमारतीनं ऐकलं होतं.

"देश सुटतो ह्यांना," खिळेमामा म्हणायचा, "खुर्ची सुटत नाही."

त्याची कामाची रीत ठरलेली होती. पेटी तो दुकानात कधी उभी करायचा नाही. दुकानात फक्त फळ्यांच्या बाजू तयार करायचा, त्या गिऱ्हाइकाच्या घरी न्यायचा, आणि सामान जिथे असेल तिथे त्याच्याभोवती पेटी जोडायचा. पण त्याआधी दार. घरात शिरला की पाणी नको, चहा नको, आधी उंबऱ्यापाशी उभं राहून दाराची रुंदी मोजायचा. मग जिन्याचं वळण. मग सामानाकडे बघायचा. लोक हसायचे. घरातली बाई म्हणायची, "अहो, कपाट आधी बघा तरी." तो म्हणायचा, "कपाट बघून काय करू, बाई? जायचंय दारातून. लोक आयुष्यभर आत सामान आणतात आणि समजतात की आलं तसं जाईल. आलं तेव्हा ते फळ्या होतं."

आणि जे दारातून जाणार नाही त्याचे तो पाय कापायचा.

टेबल असो, पलंग असो, करवत घ्यायचा आणि घरच्यांसमोर चारी पाय खटाखट उतरवायचा. जुन्या लाकडाला नवीन सांधा बसत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि बघणाऱ्यांनाही. कुणी हळहळलं की त्याचं वाक्य तयार असे, "पाय काय, तिकडे नवे उगवतील."

हे वाक्य मी स्वतःच्या घरात ऐकलं आहे. माझा मुलगा गेला तेव्हा त्याला वडिलांचं लिहायचं टेबल न्यायचं होतं. हे जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. खिळेमामानं आमचं दार मोजलं, टेबल मोजलं, आणि माझ्याकडे न बघता करवत काढली. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एवढा मोठा माणूस, दोन पोरांचा बाप. मी म्हटलं, "बघ तरी, तुझंच टेबल आहे." तो म्हणाला, "आई, तू जा ना आत." मी काही आत गेले नाही. शाळेत असताना आमच्या सिस्टर सांगायच्या, जे बघवत नाही ते सरळ उभं राहून बघावं, म्हणजे पुन्हा बघावं लागत नाही. मी सरळ उभी राहिले. चौथा पाय खाली पडला तेव्हा खिळेमामा म्हणाला, "पाय काय, वहिनी, तिकडे नवे उगवतील." संध्याकाळी मी डायरीत लिहिलं: 'टेबल गेले. पेटीवाला निर्लज्ज आहे.' ते मत मी आजही बदललेलं नाही.

त्या टेबलाला मुलानं तिकडे लोखंडाचे पाय लावले. व्हिडिओ कॉलवर दाखवलं त्यानं. गाईच्या धडाला सायकलची चाकं लावल्यासारखं दिसतं. मी छान म्हटलं.

तर अशा रीतीनं खिळेमामा एकेक घर पेटीत घालत गेला, आणि गंमत अशी की आपण काय करतो आहोत ते त्याच्या लक्षात आलं नाही. लोकांची टिंगल करता करता त्यानं स्वतःच्या हातानं आपली गल्ली रिकामी केली. डॉक्टर गेले. कोपऱ्यावरचा शिंपी गेला, त्याच्याशी हा रोज बुद्धिबळ खेळायचा. ह्याची स्वतःची बायको देवाघरी गेली. तिला पेटी लागली नाही. मुलगी नर्स झाली आणि गेली. तिची पेटी त्यानंच केली, आणि सगळी गल्ली सांगेल की तिच्या पेटीत एकही वस्तू कापलेली नव्हती. आधीच दाराएवढं सामान घेतलं होतं तिनं. बापाची लेक.

रिकाम्या घरांत नवे लोक आले. मला नवे लोक आवडत नाहीत हे मी लपवून ठेवलेलं नाही. ह्यांच्या चपला दाराबाहेर असतात आणि माणसं आत नसतात. जिन्यात भेटले तर हातातल्या फोनला नमस्कार करतात. त्यांच्यातलाच एक इमारतीचा सेक्रेटरी झाला. गुळगुळीत माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरं का' म्हणतो आणि बरं कधी नसतं. त्यानं आल्या आल्या फाटक बसवलं आणि फाटकाला पहारेकरी.

पहिल्याच सकाळी खिळेमामा खिळे आणायला बाहेर पडला आणि परत आला तर पहारेकऱ्यानं अडवलं.

"कुणाकडे जायचंय?"

"माझ्याकडे."

"माझ्याकडे म्हणजे कुणाकडे?"

"मी इथे राहतो."

"कितव्या मजल्यावर?"

"मजल्यावर नाही. दुकानात."

"दुकान दिवसा. राहणारे मजल्यावर असतात," पहारेकरी म्हणाला. त्याची काय चूक, त्याला कुणीतरी तसं सांगितलेलं. शेवटी मी गॅलरीतून ओरडले, "अहो, सोडा त्यांना. त्या दुकानाच्या पोटमाळ्यावर जन्मलेत ते."

पहारेकऱ्यानं सोडलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. फाटकावर माणूस बदलायचा, प्रश्न तोच राहायचा. मग सेक्रेटरीनं भिंतीवर फलक लावला की इमारतीत ठोकाठोक करू नये. खिळेमामा फलक वाचून वर माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत तो बोलावल्याशिवाय माझ्या दारात आला नव्हता. आला आणि सवयीनं आधी चौकटीवर हात ठेवला, जणू ती अजून तेवढीच आहे ना, हे बघायला.

"वहिनी, सेक्रेटरी मला विचारतो, तुम्ही मूळचे कुठले."

"मग सांगायचं इथलेच."

"सांगितलं. तो म्हणतो, 'ते ठीक आहे बरं का, पण त्याच्या आधी?'"

मला हसू आलं. मी म्हटलं, "आधी आपण सगळेच माकडं होतो, असं सांगायचं."

"सांगितलं असतं. पण तो हसला असता." त्यानं चौकटीवरचा हात काढला. "हसला असता आणि मग मलाही त्याच्याबरोबर हसावं लागलं असतं."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या ओठांत खिळे नव्हते. उघडं पडलेलं घर कसं दिसतं तसं त्याचं तोंड दिसत होतं. खालचे दोन दात गेले होते ते मला तेव्हा कळलं.

त्यानंतर महिन्याभरात त्यानं जाहीर केलं की तो मुलीकडे चाललाय. कायमचा. गल्लीत उरलेसुरले जुने आम्ही तीन-चार जण. शिंप्याची मागे राहिलेली बहीण म्हणाली, "चांगलं झालं, लेकीच्या हातचं खाल." मी काही चांगलं म्हटलं नाही. मी म्हटलं, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आता तुम्हालाही फुटक्या फरशीवर हात फिरवायचा असेल तर जिना मोकळा आहे."

"मी काय डॉक्टर आहे?" तो म्हणाला. "मी एक पिशवी घेऊन जाणार. आणि टेबल."

"कुठलं टेबल?"

"माझं."

दुकानाच्या मधोमध जे होतं ते. त्याच्या कामाचं टेबल. बापानं केलेलं, एकही खिळा न वापरता, लाकडाच्या खुंट्या ठोकून. पाय आणि वरची फळी असे एकमेकांत गुंतवलेले की सोडवता येणार नाहीत, तोडावेच लागतील. त्यावर हजारो पेट्यांच्या बाजू झाल्या. वरची फळी करवतीच्या खुणांनी इतकी चिरलेली की खाटकाचा ओंडका बरा. माणसानं परदेशी काय न्यावं! मुलीनं फोनवर सांगितलंही, "बाबा, इकडे टेबलं मिळतात." हा म्हणाला, "मिळू देत."

आता जे झालं ते मी गॅलरीतून पाहिलं आहे, त्यामुळे गल्लीत जी आवृत्ती चालते ती कुणी खरी मानू नये.

खिळेमामानं सगळ्या आयुष्यात केली नाही अशी पेटी केली. फळ्या घासून गुळगुळीत, कोपऱ्यांना पट्ट्या, आत चारी बाजूंनी रंध्याच्या चिपांची गादी. आणि रीत ठरलेलीच: सामान जिथे असेल तिथे पेटी जोडायची. टेबल दुकानात होतं, म्हणून पेटी दुकानात जोडली. आठवडाभर खपत होता. फलक असूनही ठोकत होता, आणि सेक्रेटरी काही बोलत नव्हता. घाण जात असेल तर झाडूच्या आवाजाची तक्रार कोण करतं?

ठरलेल्या सकाळी ट्रक आला. चार हमाल आत गेले. पेटी उचलली, दारापर्यंत आणली, आणि थांबले.

"मामा, कुठून काढायची?" एका हमालानं विचारलं.

"कुठून म्हणजे? दारातून."

"दारातून कशी जाईल?"

खिळेमामा आतून म्हणाला, "आडवी धरा." त्यांनी आडवी धरली. "उभी करा." उभी केली. मग तो स्वतः बाहेर आला, खिशातून टेप काढला आणि दाराची रुंदी मोजली. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्यांची हजार दारं मोजली, त्याला स्वतःच्या दारातून कधी काही बाहेर न्यायचंच नव्हतं. पेटी रुंद होती ते सोडा. पेटीचा खोका काढला तरी नुसतं टेबलसुद्धा चार बोटं जास्त भरत होतं. बापानं दुकानात फळ्या आणल्या होत्या आणि टेबल आत बसून केलं होतं. आलं तेव्हा ते फळ्या होतं.

टेप त्याच्या हातातून सुटून सरसर आपल्या डबीत गेला. त्या आवाजाला एक हमाल हसला. मग दुसरा. मग फाटकावरचा पहारेकरी. मग गॅलऱ्यांमधून नवे लोक, ज्यांना काय झालं ते कळलंही नव्हतं. मीही हसले. का हसू नये?

सेक्रेटरी धावत खाली आला. इतक्या चपळाईनं मी त्याला पाण्याची टाकी फुटली तेव्हाही धावताना पाहिलं नव्हतं. "काळजी करू नका, मामा. चौकट काढू आपण. आत्ता माणूस बोलावतो. भिंत थोडी फोडावी लागली तरी हरकत नाही, इमारत बघून घेईल, बरं का. तुमचं जाणं अडता कामा नये."

एवढी आपुलकी ह्या माणसाला फाटक बसवल्यापासून कुणी दाखवली नव्हती. सगळी इमारत मदतीला आली. एकानं पहार आणली. शिकवण्या घेणाऱ्या बाईंनी हमालांना सरबत दिलं. ज्याला आत येताना रोज अडवत होते, त्याला बाहेर काढायला भिंत फोडायला तयार.

खिळेमामानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग पहार आणणाऱ्याला म्हणाला, "चौकटीला हात लावलात तर बोटं ठोकून ठेवीन." ट्रक परत पाठवला आणि दार आतून लावून घेतलं.

दार लावलेलंच राहिलं. जायची तारीख जवळ येत होती. मुलीचा मला फोन आला.

"काकू, बाबा फोन उचलत नाहीत. तुम्ही समजवाल?"

"काय समजावू? तुझा बाप काय पाळण्यात आहे?"

"ते म्हणतात टेबलाशिवाय येणार नाही. आणि तिथे राहायचंही नाही म्हणतात. मग करायचं काय, काकू? दुकान तर सोडलंय. पुढच्या महिन्यात तिथे दुसरा माणूस येणार."

मुलगी रडत नव्हती, पण नर्सच्या आवाजात बोलत होती, म्हणजे रडण्यापेक्षा वाईट. मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि खाली गेले. मला काही दया आली नव्हती. खालच्या मजल्यावर माणूस असा तुंबून राहिला की वर राहणाऱ्याला त्रास होतो.

दार त्यानं उघडलं. पेटीच्या बाजू काढून भिंतीला लावल्या होत्या आणि तो परत टेबलावर जाऊन बसला. दुकानात बाकी काही नव्हतं. हत्यारांच्या जागी भिंतीवर हत्यारांच्या आकाराचे फिकट डाग. एक करवत तेवढी कोपऱ्यात.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"ठरायचं काय. दार मोजलं नाही मी."

"ते सगळ्या गल्लीला माहीत आहे."

"गल्ली!" तो म्हणाला. "गल्लीत आहे कोण? काल चहा प्यायला गेलो. चहावाला नवा. मला म्हणतो, 'काका, फिरायला आलात का?' मी म्हटलं, हो. वहिनी, मी हो म्हटलं. आणि मला बरं वाटलं. फिरायला आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की त्याच्या आधी कुठले."

माणसाला सगळं मिळावं असं वाटत असतं. देशही हवा आणि देशावर नाक मुरडायची मुभाही हवी. राहायचंही आणि जायचंही. मी त्याला तसं म्हटलं. मग म्हटलं, "टेबलाचे पाय कापा. फळी तिरकी करून बाहेर निघेल. एवढं मलाही दिसतंय."

"बापानं केलंय ते."

"माझ्या घरातलं टेबल काय रस्त्यावर सापडलं होतं?"

त्यानं टेबलाच्या एका खुंटीवर अंगठा दाबला.

"पाय काय, पेटीवाले," मी म्हटलं, "तिकडे नवे उगवतील."

हे वाक्य मी बरीच वर्षं सांभाळून ठेवलं होतं असं कुणाला वाटेल. तसं नाही. तोंडात आलं आणि म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावेल असं वाटलं होतं, पण रागावला नाही. करवतीकडे बोट करून म्हणाला, "तुम्हीच कापा, वहिनी. माझ्याच्यानं होत नाही."

"मी?"

"त्या दिवशी तुम्ही सरळ उभ्या राहून बघत होता. तुमच्याच्यानं होईल."

मी करवत उचलली. जन्मात कधी हातात धरली नव्हती. पदर खोचला, चष्मा सारखा केला आणि त्या टेबलाच्या एका पायाला करवत लावली. करवत घसरली. पुन्हा लावली. थोडी आत गेली आणि तिरकी होऊन अडकली. ओढली तर कुत्रं रडल्यासारखा आवाज आला.

"असं नाही," तो म्हणाला.

"मग कसं?"

"दाबताय कशाला? ढकला आणि ओढा."

मी ढकललं आणि ओढलं. करवत वाकली. पायाच्या लाकडावर एक ओबडधोबड जखम झाली, पोरानं सुरीनं झाडावर नाव कोरावं तशी.

"अहो, वहिनी, लाकडाचे हाल करताय तुम्ही."

"तुम्हीच सांगितलंत."

"कापायला सांगितलं. कुरतडायला नाही." तो टेबलावरून खाली उतरला. "व्हा बाजूला. व्हा म्हणतो ना. बघवत नाही."

माझ्या हातातून त्यानं करवत हिसकावून घेतली, टेबल आडवं पाडलं, एका गुडघ्यानं दाबलं आणि पाय उतरवला. सरळ, एकाच रेषेत, पाव कापावा तसा. मी चुकीची चीर पाडली होती तिच्या वरच्या अंगाला. मग दुसरा. मग तिसरा. मधे थांबला नाही, बहुतेक थांबला असता तर उरलेला राहिला असता. चौथा झाल्यावर चारी पाय जमिनीवर ओळीनं लावले आणि कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. चांगली झाली आहे का हे बघत होता. चांगलीच झाली होती.

"झालं," तो म्हणाला, आणि करवत भिंतीवरच्या तिच्या डागात टांगायला गेला. खिळा नव्हता. खिळे पिशवीत बांधले होते. करवत हातात घेऊन तो तसाच भिंतीसमोर उभा राहिला, माझा मुलगा उभा होता अगदी तसा. मी आत जायचा प्रश्न नव्हता, तिथे आत अशी जागाच नव्हती. मी बाहेर आले.

फळी दारातून सहज गेली. पेटी बाहेर फुटपाथवर जोडली. पाय पेटीत ठेवायला जागा नव्हती, कारण पेटी कापून लहान केली होती, आतली चिपांची गादी नुसत्या फळीच्या मापानं पुन्हा बसवली होती आणि ती मोडायला तो तयार नव्हता. मी म्हटलं, "मोडा की." तो म्हणाला, "पेटीवर माझं नाव आहे, वहिनी. आतून खडखडाट ऐकला तर कोण काय म्हणेल?" त्या देशात त्याला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी तो रडला नाही, फरशीवर हात फिरवला नाही, माझ्या पाया पडला नाही. एवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. टॅक्सीत बसताना त्यानं पहारेकऱ्याला जवळ बोलावलं. "काय रे, आता विचार ना, कुणाकडे?" पहारेकरी नवा होता. त्याला काही कळलं नाही. त्यानं टॅक्सीचं दार अदबीनं लावून दिलं आणि हात जोडून म्हणाला, "पुन्हा या, काका."

त्याच्या दुकानात आता फोनची कव्हरं विकतात. नव्या माणसानं दार आणि बाजूची भिंत काढून अख्खी काच बसवली. आता त्यातून हत्ती जाईल. चार पाय नव्या माणसाला अडचण होत होते, तो ते कचऱ्यात टाकणार होता. मी वर आणले. गॅलरीत त्यांच्यावर फळी टाकून कुंड्या ठेवल्या आहेत. एक पाय हलतो. ती माझी चीर. खाली कागदाची घडी सारली आहे.

मुलगी अधूनमधून फोन लावून देते. परवाही दिला. तो म्हणाला की तिकडे सगळं चांगलं आहे. रस्ते चांगले, माणसं चांगली, लाकूड चांगलं नाही. टेबल पोहोचलं, पण मुलीच्या घरात ठोकाठोक चालत नाही. तिथेही फलक आहे, तिथल्या भाषेत. टेबल खोलीत भिंतीला टेकवून ठेवलंय. रोज सकाळी तो ते आडवं करतो आणि त्यावर बसून चहा पितो. जमिनीपासून चार बोटंही उंच नाही. नात म्हणते, आजोबा, होडीत बसलात का.

"आणि लोक काय विचारतात?" मी विचारलं.

"तेच. कुठले तुम्ही. पण इथे विचारलं तर बरोबर आहे. इथला नाहीच मी." मग म्हणाला, "सांगतो मी गल्लीचं नाव. त्यांना काय कळणार. मग सांगतो, गल्लीच्या तोंडाशी फाटक आहे."

ज्या फाटकानं ह्याला हाकललं तेच आता पत्ता म्हणून सांगतो. म्हटलं ना, ह्या लोकांची लायकी मला ठाऊक आहे. गेला की फाटकही गोड लागतं.

"मग," मी म्हटलं, "उगवले का पाय?"

पलीकडे काहीतरी धातूचं किणकिणलं. मग ओठांच्या कोपऱ्यातून बोलल्यासारखं ऐकू आलं. खिळे तोंडात असावेत. घरात ठोकायला काही नसताना तोंडात खिळे धरून बसतो हा माणूस.

"अजून नाही, वहिनी. तुमच्याकडे आहेत ना ते? कोरड्या जागी ठेवा."

मी म्हटलं, हो. फोन ठेवला आणि कुंड्यांना पाणी घालायचं होतं ते घातलं नाही.